पद आणि पदधारी : ‘अवतार’च्या दोन कथा

पुढील अंकासाठी आम्ही कार्टून मालिकांवर लिहिणार आहोत, असे मंडळाच्या मागील बैठकीत सांगितले, तेव्हा दोघातिघा ज्येष्ठ सभासदांच्या चेहऱ्यांवर उमटलेले स्मित आमच्या नजरेतून सुटले नाही. एका स्नेह्यांनी तर ‘नातवाचा गृहपाठ का?’ असे विचारलेही. प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. गेल्या पावसाळ्यात नातवाच्या आग्रहास्तव आम्ही त्याच्या शेजारी बसून ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही मालिका पाहावयास आरंभ केला. दमणगंगेच्या खोऱ्यातील पाऊस सेवानिवृत्त माणसाला संध्याकाळी फिरावयास बाहेर पडू देत नाही, हे येथील वाचक जाणतातच. ती मालिका संपली, तेव्हा तिचीच पुढची कथा सांगणारी ‘द लेजेंड ऑफ कोरा’ सुरू झाली. पहिलीचे भाग 61, दुसरीचे 52. सर्व मिळून 113 भाग आम्ही पाहिले, आणि शेवटी शेवटी नातू अभ्यासाला गेला असताना एकट्यानेही पाहिले, हे येथे कबूल केलेले बरे.

दोन्ही मालिका मायकेल डँटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको या अमेरिकन द्वयीच्या. पहिली 2005 ते 2008 या काळात आणि दुसरी 2012 ते 2014 या काळात प्रसारित झाली. त्यांतील जग असे, की तेथे चार मानवसमूह आहेत : जलजमाती, पृथ्वीराज्य, अग्निराष्ट्र आणि वायुयात्री. प्रत्येक समूहातील काहीजणांना आपापले महाभूत देहाच्या हालचालीने वश करता येते. मूळ इंग्रजीत याला ‘बेंडिंग’ म्हणतात. भूतविद्या म्हणावे तर आपल्याकडे लोक लिंबू-मिरची शोधू लागतील. म्हणून आम्ही येथे नुसते विद्या म्हणतो : जलविद्या, भूविद्या, अग्निविद्या, वायुविद्या. या हालचाली चिनी युद्धकलांवर बेतलेल्या असून पाण्यासाठी ताई ची, अग्नीसाठी उत्तर शाओलिन अशी प्रत्येकीची शैली निराळी आहे. चारही विद्या ज्याला साध्य होतात तो एकच, आणि तो म्हणजे अवतार. तो मरतो आणि पुढच्या समूहात पुन्हा जन्मतो. हे चक्र अखंड चालते.

महाभूते चारच कशी, हा प्रश्न मराठी वाचकाला प्रथमच पडेल. आपल्याकडे चार्वाकांनी आकाश वगळून चारच मानली, आणि बौद्ध परंपरेतही पृथ्वी, आप, तेज, वायू हीच चार महाभूते आहेत. तेव्हा हे काही अघटित नव्हे. त्याहून महत्त्वाचा फरक ‘अवतार’ या शब्दात आहे. आपला अवतार विशिष्ट कार्यासाठी येतो आणि अवतारकार्य संपले की जातो. दोन अवतार समोरासमोर येण्याचा ठळक प्रसंग रामायणाच्या बालकांडात आहे. तेथे परशुराम वैष्णव धनुष्य रामाच्या हाती देतो आणि त्याचे तेज रामात जाते. कार्टूनमधला अवतार मात्र मठाच्या गादीसारखा आहे, किंवा तिबेटी लामांसारखा. लहानग्या आंगसमोर पुष्कळ खेळणी मांडली जातात आणि तो पूर्वीच्या अवतारांचीच चार नेमकी उचलतो, हा प्रसंग तर सरळ त्या परंपरेतलाच आहे. व्यक्ती बदलते, पद रिकामे राहत नाही. आयुष्यभर शासकीय नोकरी केलेल्या आमच्यासारख्याला ही कल्पना समजावयास वेळ लागला नाही. या दोन्ही कथा आम्ही पदाच्या कथा म्हणून पाहिल्या, आणि तशा पाहिल्या म्हणजे त्यांच्यातील साम्य व भेद अधिक स्पष्ट होतात, असे आमचे मत आहे.

पहिल्या कथेचा नायक आंग हा बारा वर्षांचा वायुयात्री मुलगा. अवतार असल्याचे त्याला कळते, मठातील वडीलधारे त्याला त्याच्या लाडक्या गुरूपासून दूर पाठविण्याचे ठरवितात, आणि तो आपल्या आप्पा नावाच्या उडत्या गव्यावर बसून रात्रीच पळून जातो. वादळात सापडतो, समुद्राच्या तळाशी बर्फात गोठतो आणि शंभर वर्षांनी जागा होतो. त्या शंभर वर्षांत अग्निराष्ट्राने त्याच्या समस्त वायुयात्रींची कत्तल केलेली आहे आणि उरलेल्या जगाशी युद्ध मांडलेले आहे. म्हणजे पदावर हजर होण्याच्या दिवशीच गैरहजर राहिलेला हा अधिकारी. पुढची सारी कथा हे त्या गैरहजेरीचे प्रायश्चित्त आहे. कटारा आणि सोका ही दक्षिण ध्रुवावरची भावंडे, पुढे टॉफ ही अंध परंतु भूविद्येत अजोड असलेली मुलगी, अशा सोबत्यांसह तो देशोदेशी हिंडतो आणि एकेक विद्या शिकतो. या कथेची चाल यात्रेची आहे. मुक्काम बदलतो, माणसे भेटतात, काही भाग निव्वळ गमतीचे, आणि तरी प्रत्येक मुक्कामाने नायकाच्या झोळीत काहीतरी पडते.

तिसऱ्या पर्वात ही मुले एका बेटावर आपल्याच पराक्रमावर बसविलेले एक भयंकर नाटक पाहावयास जातात. कटाराची भूमिका करणारी नटी ऊठसूट रडते, आंगची भूमिका बाईने केलेली, आणि टॉफला मात्र आपली भूमिका एका धिप्पाड पुरुषाने केल्याचा अपार आनंद. हौशी नाट्यस्पर्धांच्या खुर्च्यांत ज्यांनी रात्री काढल्या आहेत, त्यांनी हा एक भाग तरी अवश्य पाहावा.

परंतु पहिल्या मालिकेचे खरे बळ आंगमध्ये नाही. ते झुकोमध्ये आहे. अग्निराष्ट्राचा हा राजपुत्र. कोवळ्या सैनिकांचा बळी देण्याच्या योजनेला भर सभेत विरोध केला म्हणून बापाने त्याला द्वंद्वाला उभे केले, चेहरा भाजला आणि अवतार पकडून आणल्याशिवाय परत येऊ नकोस म्हणून हाकलून दिले. वय वर्षे तेरा. पहिल्या पर्वात ‘वादळ’ या अर्थाच्या शीर्षकाचा एक भाग आहे. त्यात आंगचे पळून जाणे आणि झुकोचे हाकलले जाणे या दोन हकीकती एकीआड एक सांगितल्या आहेत. एकाला पद मिळाले ते नको होते. दुसऱ्याचे पद काढून घेतले ते त्याला परत हवे होते. दोघे शत्रू, पण दोघांचे दुःख एकाच नाण्याने मोजता येते. लहान मुलांच्या मालिकेत इतकी नेटकी रचना पाहून आम्ही नातवाकडे पाहिले. तो शेंगदाणे खात होता.

झुकोसोबत त्याचा काका आयरो आहे. हा एकेकाळचा सेनापती. बा सिंग से या महानगराला त्याने सहाशे दिवस वेढा घातला आणि त्याच वेढ्यात एकुलता मुलगा गमावून तो माघारी फिरला. आता तो चहा करतो, पुतण्याला बोधकथा सांगतो, आणि पुतण्या वैतागतो. मुलाच्या वाढदिवशी टेकडीवर त्याच्या तसबिरीपुढे बसून तो गाणे म्हणतो, तो भाग त्याला आवाज देणारे नट माको यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी झुको याच काकाचा विश्वासघात करतो. त्याला जे हवे होते ते सर्व मिळते : घर, मान, बापाची कौतुकाची नजर. आणि ते मिळाल्यावर त्याला कळते की आपल्याला हे नको होते. तिसऱ्या पर्वात तो बापाला तोंडावर सांगून राजवाडा सोडतो आणि पुढे काकाच्या तंबूत जाऊन खाली मान घालून बसतो. काका त्याला बोलूही न देता मिठीत घेतो. चांगल्या कादंबरीकारालाही हेवा वाटावा असा हा प्रसंग आहे.

त्यामानाने खलनायक ओझाई अगदी पोकळ. तो क्रूर आहे कारण कथेला क्रूर राजा हवा आहे. त्याची मुलगी अझुला त्याच्यापेक्षा कितीतरी रेखीव. तिच्या शेवटच्या भ्रमिष्टपणात भीतीइतकीच कीवही येते.

आता आम्हांला सर्वांत विचारात पाडणाऱ्या प्रसंगाकडे येतो. अंतिम लढाईच्या आदल्या रात्री आंग पेचात आहे. ओझाईला ठार करणे हा एकच मार्ग सर्वांना दिसतो, आणि वायुयात्रींच्या शिकवणीप्रमाणे त्याला जीव घेणे मान्य नाही. तो आपल्या पूर्वीच्या अवतारांना, म्हणजे स्वतःच्याच मागील जन्मांना, एकेक करून विचारतो. रोकू सांगतो की निर्णय घेण्यात कचरू नकोस. क्योशी न्यायाचा पक्ष घेते. कुरुक म्हणतो की स्वतःचे व जगाचे भवितव्य तू घडव. शेवटी मोठ्या आशेने तो यांगचेनला विचारतो, कारण ती त्याच्यासारखीच वायुयात्री आहे. आणि तीही सांगते की अवताराचे कर्तव्य त्याच्या स्वतःच्या आत्मिक शुद्धीपेक्षा मोठे आहे. चार पूर्वाधिकारी, चार शेरे, चौघांचा रोख एकच. विशेषतः रोकूचे म्हणणे टाळण्यासारखे नाही. त्याच्या काळात अग्निराष्ट्राने परमुलखात पहिली वसाहत केली, तेव्हा त्याने राजा सोझिन या जुन्या मित्राला ताकीद देऊन सोडले, आणि त्या सोडण्यातून शंभर वर्षांचे युद्ध उभे राहिले. स्वतःची चूक पुढे ठेवून दिलेला सल्ला आहे तो.

आंग चौघांचेही ऐकत नाही.

येथे आम्हांला स्वतःचे एक प्रकरण सांगणे भाग आहे. नोकरीच्या मधल्या काळात आम्ही एका डोंगराळ तालुक्यात होतो. एका आदिवासी कुटुंबाचा जमिनीसंबंधीचा अर्ज आमच्यापुढे आला. फाईलवर आमच्या आधीच्या तिघा अधिकाऱ्यांचे शेरे होते आणि तिन्ही नामंजुरीचे होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या शेऱ्याला पहिल्या शेऱ्याखेरीज काहीच आधार नव्हता, हे वाचताना आमच्या लक्षात आले होते. अर्जदार म्हातारा दोन वेळा कचेरीत येऊन, जागेवर येऊन पाहा, एवढेच सांगून गेला होता. पाऊस होता, मतदारयाद्यांचे काम होते, जीप नादुरुस्त होती. सारी कारणे खरी होती. आम्ही ‘पूर्वीच्या निर्णयाशी सहमत’ असे लिहून सही केली. पुढे बदली झाली. त्या कुटुंबाचे काय झाले, हे आम्ही कधी विचारले नाही. बारा वर्षांचे एक चित्रातले पोर चार शेरे वाचून पाचवा वेगळा लिहिण्याचे ठरविते, हे पाहताना ती फाईल तीस-पस्तीस वर्षांनी आमच्यासमोर उघडली गेली. म्हणूनच कदाचित या प्रसंगाच्या गुणदोषांविषयी आम्ही अधिक कठोर आहोत.

दोष असा, की आंगच्या निर्धाराची किंमत त्याला मोजावीच लागत नाही. एक प्रचंड सिंह-कासव समुद्रातून वर येते आणि शत्रूला न मारता त्याची विद्या काढून घेण्याची युक्ती त्याला देते. ज्याची कथेत पुरेशी पूर्वतयारी नाही असे हे साहाय्य आहे. दाखला मोडणाऱ्याने नवा मार्ग स्वतः शोधावा लागतो, आणि तो चुकला तर जबाबदारी त्याची असते. लेखकांनी आंगला त्या जबाबदारीतून सोडविले. नातवाला हे आमचे म्हणणे मुळीच पटले नाही. ‘त्याने मारले नाही ना, मग झाले,’ असे त्याचे मत आहे, आणि ते येथे नोंदवून ठेवतो.

पहिली कथा संपल्यावर वसाहतींचे काय झाले, हे मालिकेत येत नाही. ते 2012 साली आलेल्या ‘द प्रॉमिस’ या जीन लुएन यांग यांनी लिहिलेल्या चित्रकथेत येते. युद्ध संपले, झुको राजा झाला, तेव्हा अग्निराष्ट्राच्या लोकांनी पृथ्वीराज्यातल्या वसाहती सोडून परत जावे असे ठरते. न्याय उघड आहे. परंतु यू दाव या सर्वांत जुन्या वसाहतीत झुको जाऊन पाहतो, तर तेथे शंभर वर्षांत घरे एकमेकांत मिसळलेली. बाप अग्निराष्ट्राचा, आई पृथ्वीराज्याची आणि मुलगी भूविद्या जाणणारी. तिला कोणत्या गावी परत पाठवावयाचे? नकाशावर सरळ दिसणारा न्याय गल्लीत शिरला की अडतो. अखेर आंगलाही हे मान्य करावे लागते, आणि त्या वसाहतींतूनच पुढे एक नवे संयुक्त प्रजासत्ताक आणि त्याची राजधानी रिपब्लिक सिटी उभी राहते.

सिल्वासाच्या वाचकाला हे परके वाटू नये. मराठ्यांशी झालेल्या 1779 च्या तहानंतर, एका जहाजाच्या भरपाईपोटी, 1783 मध्ये नगरहवेली पोर्तुगिजांकडे गेली आणि 1954 च्या 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. मुक्तिसंग्रामात सुधीर फडके यांच्यासारखे मराठी स्वयंसेवक होते, हे आपल्या मंडळाच्या सभासदांना सांगावयास नको. पण त्यानंतर येथे जे गाव तयार झाले ते वारली, कोकणा, धोडिया, गुजराती, मराठी, आणि पुढे कारखान्यांसोबत आलेल्या अनेक प्रांतांच्या लोकांचे. कोण मूळचा, कोण बाहेरचा, हा प्रश्न येथेही अधूनमधून विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या स्वतःच्या घरी दोन भाषा बोलल्या जातात.

दुसरी मालिका याच रिपब्लिक सिटीत घडते. युद्ध संपून सत्तर वर्षे झाली आहेत. मोटारी आहेत, रेडिओ आहे, विद्येच्या सामन्यांना तिकीट लावून गर्दी होते. आंग मृत्यू पावला आहे आणि कोरा ही दक्षिण जलजमातीतली सतरा वर्षांची मुलगी आता अवतार आहे. पात्ररचनेत लेखकांनी जाणूनबुजून सारे उलटे केले आहे. आंगला पद नको होते. कोरा चार वर्षांची असताना तीन विद्या दाखवून आपणच अवतार असल्याचे ओरडून सांगते. आंगला आत्मिक बाजू सहज साधते आणि लढाई नकोशी. कोराला लढाई सहज आणि ध्यानाला बसली की झोप येते. आंगला वाट पाहणारे जग होते. कोरा ज्या शहरात येते त्या शहराला पोलीस आहेत, कायदेमंडळ आहे, न्यायालये आहेत. अवतार काय करणार, हे कोणालाच नीट सांगता येत नाही. येताच ती गुंडांना बडवते, भर रस्त्यात मोडतोड करते आणि तिला अटक होते. पद आहे, पण आस्थापनेवर त्याची गरज उरली आहे काय, असा हा प्रश्न आहे, आणि तो पहिल्या कथेतल्या प्रश्नापेक्षा अवघड आहे.

पहिल्या पर्वाचा खलनायक अमोन म्हणतो की विद्या असलेले लोक विद्या नसलेल्यांवर राज्य करतात. शहराच्या मंडळातील टार्लोक त्यावर उपाय म्हणून विद्या नसलेल्यांना संचारबंदी लागू करतो, त्यांच्या वस्तीची वीज तोडतो आणि जमलेल्यांना पकडतो. संचारबंदीचे आदेश आम्हीही काढले आहेत; त्या अंधाऱ्या रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे चित्रकाराने फार खरे काढले आहेत. म्हणजे अमोनची तक्रार खोटी नव्हती. मात्र शेवटी अमोन स्वतःच विद्यावान निघतो, त्याचे ढोंग उघडे पडते आणि त्याच्याबरोबर ती तक्रारही वाहून जाते. पुढच्या पर्वात विद्या नसलेला एक गृहस्थ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेला दिसतो; मधले सारे पडद्याआड. ही मालिका मुळात एकाच छोट्या पर्वाची म्हणून आखली होती आणि पुढे वाढविली गेली, त्याची ही खूण. कोराची गेलेली विद्याही आंगचे दर्शन होताच एका क्षणात परत येते. सिंह-कासवाचा दोष येथे दुप्पट झाला आहे.

सोबत्यांच्या बाबतीतही दुसरी मालिका उणी. मॅको, बोलिन आणि असामी यांची प्रेमप्रकरणे बराच वेळ खातात; असामी सोडली तर कोणालाच सोका किंवा टॉफचे वजन येत नाही. अपवाद टेन्झिनचा. हा आंगचा धाकटा मुलगा, वायुविद्येचा एकमेव वारस. त्याची थोरली भावंडे एकदा त्याला ऐकवितात की बाबांनी सहली काढल्या त्या तुला घेऊन, आम्ही घरीच होतो. ज्याच्यासाठी आपण 61 भाग जीव टाकला तो नायक बाप म्हणून कसा होता, हे एका घरगुती भांडणात कळते. आयरो आणि टेन्झिन या दोन शिक्षकांत आम्ही तसे टेन्झिनच्या जवळचे आहोत. आयरोला सर्व कळून चुकले आहे. टेन्झिन चिडतो, पाठांतर करवून घेतो आणि आपण वडिलांइतके मोठे नाही हे त्याला सलते.

दुसरे पर्व सर्वांत विस्कळीत, हे आता बहुतेक प्रेक्षकही मान्य करतात. पण त्याच्या शेवटी अशी एक घटना आहे, की तिच्यासाठी आम्ही बाकी सारे माफ करू. कोराचा पूर्वीच्या सर्व अवतारांशी असलेला संबंध तुटतो. दहा हजार वर्षांची परंपरा एका झटापटीत जाते आणि परत येत नाही. आंगपाशी चार शेरे तरी होते, जे त्याने फेटाळले. कोरासमोर आता कोरी फाईल आहे. ‘सहमत’ असे लिहावयाला वर कोणाची सहीच नाही. कथाकारांनी येथे केवढे मोठे दार उघडले होते! पण त्यातून ते पूर्णपणे आत गेले नाहीत. पुढच्या दोन पर्वांत कोराला ही उणीव क्वचितच बोलून दाखविता येते. एखाद्या भागात ती जुनी सवय म्हणून रोकूला विचारू पाहते आणि उत्तर येत नाही, असे एक दृश्य जरी असते तरी आम्हांला पुरे होते.

तिसऱ्या पर्वातला झहीर सर्व सत्ता उलथून टाकू पाहणारा. तो पृथ्वीराज्याच्या राणीला ठार करतो आणि कोराला पाऱ्याचे विष देतो. ती वाचते, पण चाकांच्या खुर्चीत. चौथ्या पर्वाच्या आरंभी तीन वर्षे लोटली आहेत आणि अवतार कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. ती नाव लपवून परमुलखात पैशासाठी झुंजते आहे आणि हरते आहे. पुढे दलदलीत राहणारी म्हातारी टॉफ तिला भेटते आणि विषाचे उरलेले कण तिचे तिलाच काढावयास लावते. शिवाय टॉफ सांगते की अमोनला समता हवी होती, झहीरला स्वातंत्र्य. मागणी वाईट नव्हती, ती ताणली गेली. शत्रूकडून शिकावयाचे, ही या मालिकेने पहिलीच्या पुढे टाकलेली पावले आहेत. आंग ओझाईकडून काय शिकला? काहीच नाही, शिकण्यासारखे त्याच्यापाशी काही नव्हते.

कुविरा मात्र आमच्या मते दोन्ही मालिकांतली सर्वांत चांगली रेखाटलेली प्रतिपक्षी. राणीच्या मृत्यूनंतर माजलेला गोंधळ आवरण्यासाठी तिची तात्पुरती नेमणूक होते. ती कर्तबगार आहे. रेल्वे सुरू करते, लुटारू आवरते, गावांना धान्य देते आणि मोबदल्यात निष्ठा लिहून घेते. तीन वर्षांनी राजपुत्र वूच्या राज्यारोहणाच्या समारंभात तिने कार्यभार सोपवावयाचा असतो, आणि ऐन व्यासपीठावर ती नकार देते. काम मी केले, हा पोरकट मुलगा काय करणार, असा तिचा युक्तिवाद. गंमत अशी की वू त्या वेळी खरोखरच पोरकट असतो. आपल्यानंतर येणारा माणूस अपात्र आहे, असे बदलीच्या दिवशी ज्याला वाटले नाही असा अधिकारी आम्ही पाहिलेला नाही. आम्ही स्वतःही त्यास अपवाद नव्हतो.

आणि याच गावाचा एक इतिहास आहे. मुक्तीनंतर सात वर्षे दादरा-नगरहवेलीचा कारभार येथील वरिष्ठ पंचायत पाहत होती. 1961 मध्ये भारतात विलीनीकरणाच्या करारावर येथील राज्यप्रमुखाची सही हवी, म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्यास एका दिवसापुरते येथील पंतप्रधान करण्यात आले. समोर सही करणारे जवाहरलाल नेहरू. एका बाजूला तात्पुरत्या पदाला चिकटून साम्राज्य मांडणारी कुविरा आणि दुसऱ्या बाजूला एका सहीपुरता सर्वोच्च पदावर बसून ते पदच संपविणारा अधिकारी. नातवाला ही हकीकत सांगितली, तेव्हा त्याने प्रथमच आमच्या बोलण्यात रस घेऊन विचारले, ‘त्यांना गाडी मिळाली होती का?’

कुविरा शेवटी हरते, आणि तिच्याच अस्त्राच्या स्फोटातून कोरा तिला वाचविते. येथे कासव नाही, दर्शन नाही. कोरा तिच्याशी बोलते, आपणही तिच्यासारख्याच हट्टी आहोत असे कबूल करते, आणि कुविरा बाहेर येऊन स्वतःला अटक करवून घेते. पोरकट वू मात्र गादीवर बसून राजेपणच संपविण्याचा आणि प्रांतांना आपापले नेते निवडू देण्याचा मनोदय सांगतो. पहिल्या मालिकेच्या शेवटी चांगला राजा गादीवर बसतो. दुसरीच्या शेवटी गादी रिकामी करण्याची भाषा होते. कथानकाच्या बांधणीत, पात्रांच्या ओढीत आणि विनोदात पहिली मालिका नि:संशय सरस आहे, आणि कोणी आम्हांला एकच पाहावयास सांगितली तर आम्ही झुकोकडेच जाऊ. परंतु रात्री दिवा मालवल्यावर आठवते ती दुसरी.

फेब्रुवारी 2025 मध्ये याच द्वयीच्या तिसऱ्या मालिकेची घोषणा झाली. कोरानंतरचा अवतार म्हणजे भूविद्या जाणणारी एक मुलगी. तिच्या काळात जग एका महासंकटाने उद्ध्वस्त झाले आहे, आणि लोक अवताराला तारणहार मानत नाहीत. तो घात करणारा आहे असे मानतात. मागील कार्यभार सोपविताना कोराने काय लिहून ठेवले असेल, याची आम्हांला उत्सुकता आहे. नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही आधी पहिली मालिका पुन्हा पाहा, तुम्ही मधले चार भाग झोपला होतात.